१४ संघ फिरलेला पिचर: रिच हिलची कारकीर्द कशी बघायची?

मेहरूण_मैदान

नमस्कार मंडळी. मी जळगावात एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्याकडे मुलींचा सॉफ्टबॉल बरीच वर्षं चालतो, अलीकडे मुलांचा बेसबॉलही घेतो. मैदान मातीचं आहे, पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, उंचवटा आम्हीच माती टाकून, पाणी मारून तयार केला आहे, आणि ग्लोव्ह सगळ्यांना पुरत नाहीत म्हणून दोन गट आळीपाळीने वापरतात. तरी मुलं मनापासून खेळतात.

त्यातला एक डावखुरा मुलगा नववीत आहे. वडील केळीच्या बागेत कामाला. फेक फार सुंदर आहे त्याची, खांद्यातून येते, नुसत्या हाताच्या जोरावर नाही. तो मोबाइलवर अमेरिकेतल्या मॅचचे तुकडे बघत असतो. जुलै २०२५ मध्ये ४५ वर्षांचा डावखुरा पिचर रिच हिल कॅन्सस सिटी रॉयल्सकडून उतरला, तो त्याचा १४ वा संघ, आणि त्याने सर्वाधिक संघांकडून खेळण्याच्या एडविन जॅक्सनच्या विक्रमाशी बरोबरी केली, हे त्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी सरावाआधी मला विचारतो, "सर, चौदा संघांनी सोडलं म्हणजे तो खराब होता, की चौदा संघांनी घेतलं म्हणजे चांगला होता?"

मी त्याला म्हटलं, जाणत्या लोकांना विचारून सांगतो. म्हणून हा धागा. इतके संघ का बदलावे लागतात? खेळाडूच्या हातात त्यातलं किती असतं? मधल्या काळात पोट कशावर चालतं? आणि डावखुरा असण्याचा यात काही भाग आहे का? आम्हाला रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची गोष्ट माहीत आहे. उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे दोघे, २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. पुढे ते मेजर लीगपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगपर्यंत, पोहोचले नाहीत, एवढंच ठाऊक आहे.

---

डावरा_फिरकीवाला

सर, मी पुण्यातून क्लब क्रिकेट खेळलेला माणूस, बेसबॉल वरवरच कळतो. पण आपल्याकडचं उदाहरण देतो. अ‍ॅरन फिंच आयपीएलमध्ये नऊ संघांकडून खेळला, त्यात आपले पुणे वॉरियर्सही होते. हाच माणूस ऑस्ट्रेलियाचा कर्णधार होता आणि २०२१ चा टी-२० विश्वचषक त्याने जिंकून दिला. त्याला खराब कोण म्हणेल? संघ बदलण्याची कारणं पुष्कळदा खेळाडूबाहेरची असतात. परदेशी खेळाडूंची मर्यादा, लिलावात कुणाकडे किती पैसे उरलेत, संघच बंद पडणं.

दुसरा वसीम जाफर. मुंबईसाठी आयुष्यभर धावा केल्या आणि नंतर विदर्भाकडे गेला. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला तेव्हा तो त्या संघात होता, वयाची चाळिशी गाठत. तुमच्या विद्यार्थ्याला हे जवळचं वाटेल.

हिलबद्दल मला इतकंच माहीत आहे की त्याचा कर्व्हबॉल, म्हणजे जाता जाता वळणारा चेंडू, बघत राहावा असा. बाकी अमेरिकेतले लोक सांगतील.

---

क्विन्सीची_नागपूरकर

सर, मी मूळची नागपूरची, आता बोस्टनच्या दक्षिणेला क्विन्सीत राहते. व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. रिच हिल आमच्या शेजारच्या मिल्टन गावात वाढला, त्यामुळे इथे त्याच्याबद्दल लोक घरातल्या मुलाबद्दल बोलावं तसं बोलतात. बेसबॉल मी टीव्हीसमोर बसून शिकले नाही. आमच्याकडे उपचाराला येणाऱ्या शाळकरी मुलांत पिचर पुष्कळ असतात, त्यांचे खांदे आणि कोपर हाताळताना खेळ समजत गेला. हिलची कारकीर्द मी पहिल्यापासून आवडीने बघत आले आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

तुमच्या मुलाचा प्रश्न मला फार आवडला. पण मी त्याला सांगीन की संघ मोजू नकोस. दोन संघांच्या मधली रिकामी जागा बघ. ज्या महिन्यांत याला कुणीच घेतलेलं नव्हतं, त्या महिन्यांत हा काय करत होता, तिथे या माणसाची सगळी कमाई आहे.

आधी नियम, नाहीतर ही फिराफिरी कळणार नाही. मेजर लीगमध्ये ३० संघ. प्रत्येकाच्या मुख्य चमूत २६ जण (२०२० च्या आधी २५) आणि करारबद्ध यादी ४० जणांची. त्याखाली ट्रिपल-ए, डबल-ए असे मायनर लीगचे थर. चाळीसच्या यादीतल्या खेळाडूला साधारण तीन हंगाम संघ हवं तेव्हा खाली पाठवू शकतो आणि वर बोलावू शकतो. याला ऑप्शन म्हणतात. ऑप्शन संपले की खाली पाठवण्याआधी त्याला बाकीच्या २९ संघांसमोर ठेवावं लागतं, आणि कुणी मागितलं की तो त्यांचा झाला. हे वेव्हर. ऑलिव्हर ड्रेक नावाचा एक पिचर २०१८ च्या एकाच हंगामात पाच संघांकडून खेळला: मिलवॉकी, क्लीव्हलँड, एंजल्स, टोरांटो, मिनेसोटा. त्याचे ऑप्शन संपलेले होते. प्रत्येक ठिकाणी चमूत जागा हवी झाली की सगळ्यात आधी त्याची खुर्ची निघायची, आणि प्रत्येक वेळी दुसरं कुणीतरी त्याला उचलायचं. इतक्यांनी उचललं याचा अर्थ त्याच्या हातात कसब होतंच.

ट्रेडमध्ये, म्हणजे संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात तेव्हा, खेळाडूला कुणी विचारत नाही. दहा वर्षं सेवा आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात, असं असेल तरच नकार देता येतो, किंवा करारात तसं लिहून घेतलेलं असेल तर. नेहमी फिरणाऱ्या माणसाची एका संघात पाच वर्षं कुठून होणार? म्हणजे ज्याला या हक्काची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही. हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

आता हिल. जन्म मार्च १९८०, बोस्टन. मिशिगन विद्यापीठात शिकला. शिकागो कब्सने २००२ मध्ये चौथ्या फेरीत निवडला. जून २००५ मध्ये पहिली मेजर लीग मॅच. २००७ मध्ये पूर्ण हंगाम सुरुवातीचा पिचर म्हणून खेळला: ११ विजय, १९५ इनिंग्ज, १८३ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). त्या वेळी कुणीही म्हटलं असतं, हा कब्सकडेच दहा वर्षं राहील.

२००८ मध्ये त्याचा चेंडूवरचा ताबा गेला. चेंडू स्ट्राइक झोनमध्ये पडेना, वॉकवर वॉक (चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला फुकट पहिला बेस). कब्सने खाली पाठवला आणि २००९ च्या सुरुवातीला बाल्टिमोरला देऊन टाकला. बाल्टिमोरमध्ये ईआरए, म्हणजे नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी, पोहोचली ७.८० वर. मग खांद्याच्या लॅब्रमची शस्त्रक्रिया.

इथे माझ्या कामाचा विषय येतो म्हणून थांबते. खांद्याच्या उथळ खोबणीला कडेने कूर्चेची एक किनार असते, ती लॅब्रम. बाहूचं गोल डोकं जागेवर धरून ठेवण्यात तिचा वाटा मोठा. पिचर हात मागे नेतो त्या क्षणी या किनारीवर भयंकर पीळ पडतो. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर बरेच पिचर परत येतात, खांद्याचं तसं नाही. खांदा फाटलेला पिचर पुन्हा पूर्वीच्या वेगाने, पूर्वीच्या कोनातून फेकील, अशी खात्री कुठलाच डॉक्टर देत नाही. हिल तेव्हा २९ वर्षांचा होता.

पुढची पाच वर्षं बघा. २०१० मध्ये सेंट लुइसबरोबर मायनर लीगचा करार, हंगामाच्या मध्यात तो संपला, मग बोस्टन रेड सॉक्सच्या ट्रिपल-ए संघात, रोड आयलंडच्या पॉटकेटला. तिथे त्याने हाताचा कोन खाली आणला. डोक्यावरून येणारा हात बाजूने, कमरेच्या वर थोडा, असा आणला आणि डावखुऱ्या बॅटरविरुद्ध एक-दोघांपुरता उतरणारा रिलीफ पिचर बनला. तुम्ही डावखुरेपणाचं विचारलंत ना, ते इथे कामी आलं. डावखुऱ्या बॅटरला डाव्या हाताचा चेंडू पाठीमागून आल्यासारखा दिसतो, म्हणून त्या काळी जवळजवळ प्रत्येक संघ फक्त या कामासाठी एक डावखुरा पिचर ठेवायचा. आता ती सोय आटली आहे. २०२० पासून नियम असा की उतरलेल्या पिचरने किमान तीन बॅटरना सामोरं जायचं किंवा इनिंग संपवायची. तुमच्या मुलाला हे जरूर सांगा. नुसता डावखुरा असणं आता पुरत नाही, उजव्या बॅटरलाही बाद करता आलं पाहिजे.

२०११ मध्ये हा नवा कोन जमला, आठ इनिंग्जमध्ये एकही धाव दिली नाही, आणि कोपराचा लिगामेंट फाटला. टॉमी जॉन शस्त्रक्रिया. शरीरातलाच दुसरा टेंडन काढून कोपरात बसवतात, आणि परत मैदानावर यायला वर्ष, सव्वा वर्ष, कधी जास्त. २०१२ मध्ये परतला. २०१३ क्लीव्हलँड, ६३ मॅच, आकडे वाईट. २०१४ च्या फेब्रुवारीत त्याचं दोन महिन्यांचं बाळ गेलं. त्याबद्दल तो नंतर मोकळेपणाने बोलला आहे, म्हणून लिहिते. त्याच वर्षी एंजल्सने घेतला, चार बॅटर समोर आले, एकालाही बाद करता आलं नाही, आणि त्यांनी सोडला. लगेच यँकीजने घेतला.

ही यादी इथे थांबली असती तर आज आपण त्याच्याबद्दल बोलत नसतो. ३४ वर्षांचा, दोन शस्त्रक्रिया झालेला, बाजूने फेकणारा डावखुरा रिलीफ पिचर. असे खूप येतात आणि जातात.

२०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या ट्रिपल-ए संघात होता, जूनमध्ये तिथूनही बाहेर. आता कुठलाच संघ नाही. ही ती रिकामी जागा. त्याने काय केलं? दोन गोष्टी. हात पुन्हा वर नेला, आणि ठरवलं की पुन्हा सुरुवातीचा पिचर व्हायचं. पस्तिसाव्या वर्षी. मग लाँग आयलंड डक्सकडे गेला. हा अटलांटिक लीगचा संघ. तेव्हा त्या लीगचा मेजर लीगशी काही संबंध नव्हता, पगार बेताचा, प्रवास बसने, आणि बहुतेक खेळाडू वरून खाली आलेले, एक शेवटची संधी शोधणारे. डक्ससाठी त्याने दोन मॅच सुरू केल्या. ११ इनिंग्ज, धाव एकही नाही, २१ स्ट्राइकआउट.

ऑगस्टमध्ये रेड सॉक्सने मायनर लीग करार दिला आणि तो पुन्हा पॉटकेटला आला. तिथे ब्रायन बॅनिस्टर भेटला. तो स्वतः माजी मेजर लीग पिचर, आणि त्या वेळी रेड सॉक्ससाठी पिचरांच्या आकडेवारीचा अभ्यास करायचा. त्याने हिलला सांगितलं की तुझा कर्व्हबॉल इतका चांगला फिरतो तर तो राखून का ठेवतोस? जास्त टाक, आणि प्रत्येक वेळी वेग आणि वळण बदलून टाक. आजवर त्याला शिकवलं होतं की फास्टबॉल हा पाया आणि कर्व्ह तोंडी लावण्यापुरता. त्याने ते उलटं केलं. पुढच्या वर्षांत त्याचे जवळजवळ निम्मे चेंडू कर्व्ह असायचे. फास्टबॉल ताशी ९० मैलांच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने हळूच. पण हळू, अजून हळू आणि मग एकदम ९०, यात बॅटरची बॅट फसायची.

१३ सप्टेंबर २०१५, टँपा बे. २००९ नंतर मेजर लीगमध्ये सुरुवातीचा पिचर म्हणून त्याची पहिली मॅच. सात इनिंग्ज, एक हिट, दहा स्ट्राइकआउट. त्याच महिन्यात फेनवे पार्कवर बाल्टिमोरविरुद्ध पूर्ण नऊ इनिंग्ज, दोन हिट, धाव शून्य. ज्या बाल्टिमोरमध्ये खांदा गेला, तोच संघ समोर. चार मॅचमध्ये २९ इनिंग्ज आणि ३६ स्ट्राइकआउट. या चार मॅचच्या जोरावर ओकलंडने त्याला एका वर्षाचे ६० लाख डॉलर दिले.

यानंतरचं पटकन सांगते, कारण हा भाग सगळ्यांना माहीत असतो. ऑगस्ट २०१६ मध्ये ओकलंडने लॉस एंजेलिस डॉजर्सला ट्रेड केला. सप्टेंबरमध्ये मायामीत सात इनिंग्ज परफेक्ट, एकही बॅटर बेसवर नाही, आणि व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्सने त्याला बाहेर काढलं, बोटावर फोड येण्याची भीती म्हणून. त्या वर्षी ईआरए २.१२. डिसेंबरमध्ये डॉजर्सशी तीन वर्षांचा ४.८ कोटी डॉलरचा करार. दीड वर्षापूर्वी याच माणसाला कुठेही जागा नव्हती.

२३ ऑगस्ट २०१७, पिट्सबर्ग. ही मॅच मुलाला जरूर दाखवा. आठ इनिंग्ज परफेक्ट. नवव्या इनिंगच्या सुरुवातीला तिसऱ्या बेसवरच्या लोगन फोर्साइथच्या हातून चेंडू निसटला, परफेक्ट गेम गेला, नो-हिटर (एकही हिट न दिलेली मॅच) शाबूत. पण डॉजर्सनीही धाव केलेली नाही, शून्य-शून्य. दहाव्या इनिंगला हिल पुन्हा उतरला आणि पहिल्याच बॅटरने, जोश हॅरिसनने, होमरन मारला. १-० पराभव. नऊ इनिंग्ज एकही हिट न देता मॅच हरला. मॅचनंतर त्याने फोर्साइथला दोष दिला नाही, माझा एक खराब चेंडू, असंच म्हणाला. मला तो त्या दिवशी सर्वात मोठा वाटला.

डॉजर्सबरोबर २०१७ आणि २०१८ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, खेळला, दोन्ही हरले. मग मिनेसोटा, टँपा, न्यूयॉर्क मेट्स, परत बोस्टन, पिट्सबर्ग, सॅन दिएगो. २०२४ च्या वसंतात त्याने मुद्दाम करार केला नाही, कारण मुलाच्या लिटल लीग (लहान मुलांच्या बेसबॉलच्या) संघाला शिकवायचं होतं. ऑगस्टमध्ये रेड सॉक्सशी करार करून वूस्टरला ट्रिपल-ए खेळायला गेला. वूस्टर आमच्यापासून तासाभरावर. मुलाला घेऊन गेले होते, त्या दिवशी हिल उतरला नाही, पण ४४ वर्षांचा माणूस विशीतल्या पोरांबरोबर डगआउटच्या कठड्यावर रेलून प्रत्येक चेंडू बघतोय, हे मुलाने पाहिलं.

२०२५ मध्ये कॅन्सस सिटीने मायनर लीग करार दिला, ओमाहात ट्रिपल-ए संघात खेळवला आणि २२ जुलैला वर बोलावला. मॅच कुणाविरुद्ध? शिकागो कब्स. जिथे वीस वर्षांपूर्वी सुरुवात केली तोच पहिला संघ. पाच इनिंग्ज टाकल्या. मॅच हरला. पुढच्या मॅचमध्ये सहा वॉक दिले आणि त्यांनी सोडून दिला. एकूण ९० विजय.

पोटाचं विचारलंत. मेजर लीगमध्ये २०२५ चा किमान पगार वर्षाला ७,६०,००० डॉलर, पण जितके दिवस वर असाल तितक्या दिवसांचाच हिशोब. ट्रिपल-एमध्ये २०२३ च्या करारानुसार वर्षाला किमान ३५,८०० डॉलर, आणि त्याआधी तर फारच कमी मिळायचे, पोरं हिवाळ्यात दुसरी कामं करायची. वर काढलेला प्रत्येक दिवस सेवेत धरला जातो. १७२ दिवसांचं एक वर्ष. ४३ दिवस भरले की पेन्शनचा हक्क सुरू, दहा वर्षं भरली की पूर्ण पेन्शन. म्हणून चार बॅटरसाठी एंजल्सकडे जाणंही वाया गेलं नाही, तेही दिवस खात्यात पडले.

तर त्याला माझं उत्तर: तो २००७ मध्ये चांगला होता, २०१३ मध्ये खराब होता, २०१६ मध्ये अप्रतिम होता. एकच माणूस. मधली वर्षं त्याने फुकट घालवली नाहीत. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याला पुन्हा चेंडू दिला तेव्हा खांदा, कोपर, हाताचा कोन आणि कर्व्हबॉल, चारही गोष्टी तयार होत्या.

---

मिशिगन_अव्हेन्यू

ताईंनी फार छान लिहिलंय. मी शिकागोत राहतो, एडविन जॅक्सनबद्दल थोडी भर घालतो, कारण हिलच्या आधी १४ संघांचा विक्रम एकट्या त्याचा होता.

जॅक्सनचा जन्म पश्चिम जर्मनीतल्या नॉय-उल्मचा, वडील अमेरिकन सैन्यात. म्हणजे फिरणं जन्मापासूनच. डॉजर्सकडून पहिली मॅच ९ सप्टेंबर २००३, त्याचा विसावा वाढदिवस, समोर अ‍ॅरिझोनाचा रँडी जॉन्सन, आणि हा जिंकला. २०१० मध्ये अ‍ॅरिझोनाकडून, आपल्याच जुन्या टँपा संघाविरुद्ध, नो-हिटर टाकला. त्यात आठ वॉक आणि १४९ चेंडू. आज कुठलाही व्यवस्थापक पिचरला इतके चेंडू टाकू देणार नाही.

ट्रेडमध्ये विचारत नाहीत हे ताईंनी लिहिलं, त्याचा कळस म्हणजे २७ जुलै २०११. सकाळी तो इथला, व्हाइट सॉक्सचा. त्यांनी त्याला टोरांटोला दिला आणि टोरांटोने त्याच दिवशी सेंट लुइसला. टोरांटोची जर्सी त्याने घातलीच नाही. तीन महिन्यांत सेंट लुइस वर्ल्ड सिरीज जिंकलं आणि त्याला विजेत्यांची अंगठी मिळाली. मग २०१९ मध्ये चौदावा संघ कोणता? टोरांटोच.

त्याचे एकूण आकडे १०७ विजय, १३३ पराभव. कब्सने त्याला चार वर्षांचे ५.२ कोटी डॉलर दिले होते आणि २०१३ मध्ये तो ८ विजय, १८ पराभव असा खेळला. आमच्या शहरात लोक त्याला तेव्हा खूप बोलले. मला मात्र तो आवडायचा, कारण वाईट मॅचनंतरही पाच दिवसांनी पुन्हा चेंडू हातात घेऊन उभा राहायचा आणि दुखापतीचं कारण पुढे करत नसे. टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रौप्यपदक मिळवणाऱ्या संघातही होता. २०२२ मध्ये निवृत्त झाला.

रिंकू आणि दिनेशचं. दोघेही चेंडू हातात घेतल्यापासून काही महिन्यांत करारबद्ध झाले आणि मायनर लीगच्या सगळ्यात खालच्या थरात प्रत्यक्ष खेळले. रिंकू क्लास-एपर्यंत, म्हणजे डबल-एच्या खालच्या थरापर्यंत, चढला. मग दुखापती, त्यालाही टॉमी जॉन करावी लागली. ज्या शिडीवर हिल आणि जॅक्सन वर-खाली करत राहिले, तिच्या खालच्या पायऱ्या चढणंसुद्धा किती कठीण आहे हे त्यावरून समजा. भारतातून जाऊन क्लास-एमध्ये पिचिंग करणं ही मोठी गोष्ट आहे.

---

मेहरूण_मैदान

क्विन्सीच्या ताई, मिशिगनवाले दादा, पुण्याचे मित्र, सगळ्यांचे मनापासून आभार. संध्याकाळी सराव संपल्यावर सगळ्या मुलांना बसवून हे वाचून दाखवलं. डावखुऱ्या मुलाने पिट्सबर्गच्या मॅचचं दोनदा वाचायला लावलं. फोर्साइथवर मुलं चिडली होती, मग एक मुलगी म्हणाली, "पण पिचर त्याच्यावर चिडला नाही ना." त्यावर बराच वेळ चर्चा झाली.

ताई, एक विचारायचं आहे. आता त्याला कर्व्हबॉल शिकायची घाई झाली आहे. वय १४. मी किती टाकू द्यावा? एका दिवशी एकूण किती चेंडू? तालुका आणि जिल्हा स्पर्धा लागोपाठ येतात, कधी एकाच दिवशी दोन मॅच होतात, आणि संघात दुसरा पिचर जेमतेम आहे. इथे याबाबत कुणी काही सांगत नाही.

---

क्विन्सीची_नागपूरकर

सर, तुम्ही हे विचारलंत याचंच मला बरं वाटलं. इथे अमेरिकेत सगळ्या सोयी असूनही पुष्कळ प्रशिक्षक विचारत नाहीत, आणि मग ती मुलं माझ्याकडे येतात.

लिटल लीगचे आकडे देते, तेच पाळा. १३ ते १६ वयाला एका दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू, ११-१२ वयाला ८५, ९-१० वयाला ७५. पण त्याहून महत्त्वाची विश्रांती. १४ आणि त्याखालच्या मुलाने एका दिवशी ६६ किंवा जास्त चेंडू टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. ५१ ते ६५ टाकले तर तीन दिवस, ३६ ते ५० तर दोन, २१ ते ३५ तर एक. तुमच्या मैदानावर, जिथे उंचवटा हाताने केलेला आहे आणि उतार रोज थोडा बदलतो, मी ९५ पर्यंत जाऊच नये म्हणीन. ६५ ला थांबवा.

लागोपाठच्या मॅचचं एकच उत्तर, दुसरा पिचर तयार करा. तिसराही. सॉफ्टबॉलच्या मुलींपैकी कुणाचा खांदा चांगला असेल तर सरावात त्यांनाही वरून फेकायला लावून बघा. आणि ज्या दिवशी त्याने पिचिंग केलं त्या दिवशी त्याला कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) करू नका. लहान संघात हे हमखास होतं, कारण चांगला हात एकच असतो. कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकतो, तो हिशोब कुणी धरत नाही.

कर्व्हबॉलबद्दल डॉक्टरांतही एकमत नाही. अभ्यासांत चेंडूच्या प्रकारापेक्षा एकूण चेंडूंची संख्या आणि थकलेल्या हाताने टाकणं जास्त घातक दिसतं. तरी या वयात मी त्याला आधी चेंज-अप शिकवीन. पकड बदलायची, हात तेवढ्याच वेगाने आणायचा, चेंडू हळू जातो. कोपराला वेगळा पीळ नाही, आणि हिलच्या यशातलं अर्धं कसब, वेग बदलून बॅटरला फसवणं, ते त्याला इथेच शिकता येईल. कर्व्ह दोन वर्षांनी, दाढीमिशा फुटायला लागल्या की.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं असं तो म्हणाला तर त्या दिवशी चेंडू हातातून काढून घ्या, तो कितीही नाही म्हणाला तरी. फेकणं पूर्ण बंद, आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवा. १४ व्या वर्षी तिथलं हाड अजून वाढत असतं, आणि वाढीची जागा ओढली गेली तर ते दुखणं मोठ्या माणसाच्या दुखण्यापेक्षा वेगळं असतं. बर्फ लावून परत उतरवू नका. खांदा वर नेताना टोचतो का, आणि झोपेतून उठल्यावर हात जड वाटतो का, हे दर आठवड्याला विचारत जा. मुलं स्वतःहून सांगत नाहीत, संघातून काढतील म्हणून.

खांद्याच्या मागच्या स्नायूंसाठी रबराच्या पट्टीचे चार व्यायाम आहेत. सायकलची जुनी ट्यूब कापून वापरता येते, वेगळा खर्च नाही. मी माझ्या मुलाला करायला लावून व्हिडिओ काढते आणि रविवारपर्यंत इथे टाकते. तोवर मागच्या महिन्यात त्याने सरावात आणि मॅचमध्ये मिळून अंदाजे किती चेंडू टाकले ते मला कळवा.